जुना डेस्कटॉप आणि लॅपटॉप घरच्या नेटवर्कला कसे जोडायचे? सोप्या मराठीत पूर्ण माहिती

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात एका कोपऱ्यात जुना डेस्कटॉप पडलेला असतो. वर आईने कपडा झाकलेला, कीबोर्डवर धूळ, आणि "त्यात काही नाही आता" असं सगळेच म्हणतात. पण त्यात काहीतरी असतंच.

आमच्याकडे पप्पांनी २०१० साली घेतलेला असाच एक डेस्कटॉप होता, विंडोज ७ वाला. त्यात एक व्हिडिओ होता: आजी जात्यावर दळत ओव्या म्हणतेय. आजी आता नाही. तो व्हिडिओ कुणाच्याही फोनमध्ये नव्हता, कुठल्या क्लाउडवर नव्हता, फक्त त्या एका हार्ड डिस्कवर होता. आणि एक दिवस पीसी सुरू केला तर डिस्कमधून टक-टक आवाज यायला लागला. पेन ड्राइव्ह होता १६ जीबीचा, फोटोंचा फोल्डर ३८ जीबीचा. तेव्हा मी पहिल्यांदा डेस्कटॉप आणि माझा लॅपटॉप घरच्या नेटवर्कवर एकमेकांशी जोडले. त्यात ज्या चुका झाल्या आणि जे शिकलो, ते सगळं या लेखात स्टेप बाय स्टेप सांगतो.

एक सूचना: खाली आकडे मराठीत लिहिले आहेत, कॉम्प्युटरवर टाइप करताना इंग्रजीतच टाका.

होम नेटवर्क म्हणजे नेमकं काय?

घरी वाय-फाय असेल तर होम नेटवर्क तुमच्याकडे आधीपासूनच आहे. तुमचा फोन, टीव्ही, लॅपटॉप ज्या राउटरला जोडलेले आहेत, ते सगळे मिळून एक नेटवर्क.

चाळीचं उदाहरण घ्या. चाळीचा बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता असतो, पण आत प्रत्येक खोलीला नंबर असतो. पोस्टमन चाळीपर्यंत येतो, आत कुठलं पत्र कुठल्या खोलीत जाणार ते नंबरवरून ठरतं. राउटर तेच काम करतो. इंटरनेटवर तुमच्या घराचा एक पत्ता असतो आणि घरातल्या प्रत्येक डिव्हाइसला राउटर एक आतला नंबर देतो. यालाच आयपी ॲड्रेस म्हणतात. घरात तो बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५.

आता महत्त्वाचा मुद्दा. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत वाटीभर साखर द्यायला चाळीच्या बाहेर जावं लागत नाही. तसंच डेस्कटॉपवरून लॅपटॉपवर फाइल पाठवताना ती इंटरनेटवर जातच नाही. म्हणजे डेटा खर्च होत नाही, आणि रिचार्ज संपलेला असला तरी हे काम चालतं. फक्त राउटर सुरू पाहिजे.

स्टेप १: डेस्कटॉप राउटरला जोडा

जुन्या डेस्कटॉपमध्ये सहसा वाय-फाय नसतं. पण मागच्या बाजूला टेलिफोनच्या पिनसारखं, पण जरा रुंद असं एक पोर्ट असतं. ते लॅन पोर्ट. तुमच्यापुढे तीन मार्ग आहेत.

१) लॅन केबल: सगळ्यात भरवशाचा मार्ग. दुकानात "कॅट ५ई" किंवा "कॅट ६" रेडीमेड केबल मागा. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग देऊ शकते, त्यामुळे घरासाठी ती पुरून उरते. एक टोक डेस्कटॉपला, दुसरं राउटरच्या "लॅन" लिहिलेल्या पोर्टला. "वॅन" लिहिलेल्या पोर्टला लावू नका, ते इंटरनेटची लाइन आत येण्यासाठी असतं. केबल नीट बसली की 'टक' असा आवाज येतो आणि पोर्टजवळची छोटी लाइट लुकलुकायला लागते. लाइटच लागत नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालू नका, आधी केबल आणि पोर्ट बदलून बघा.

२) यूएसबी वाय-फाय ॲडॉप्टर: राउटर दुसऱ्या खोलीत असेल आणि केबल ओढणं शक्य नसेल तर हा घ्या. पण घेण्याआधी बॉक्सवर तुमच्या विंडोजचं नाव आहे का ते बघा. नवीन ॲडॉप्टरना विंडोज ७ चा ड्रायव्हर मिळेलच असं नाही.

३) तुमचा फोन: हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अँड्रॉइड फोन वाय-फायला जोडा, चार्जिंगच्या केबलने डेस्कटॉपला लावा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' ऑन करा. बहुतेक फोन घरच्या वाय-फायचं इंटरनेट डेस्कटॉपला देतात. एखादा ड्रायव्हर डाउनलोड करण्यापुरतं हे उत्तम. पण फोल्डर शेअर करायला हा मार्ग चालणार नाही, कारण डेस्कटॉप मग फोनच्या मागे लपतो आणि लॅपटॉपला तो दिसत नाही.

तारीख बघितली का?

आमच्या बाबतीत केबल लावली, लाइट लागली, पण कुठलीही वेबसाइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी "कनेक्शन सुरक्षित नाही" असा इशारा. मी तासभर राउटरलाच दोष देत बसलो. शेवटी लक्ष गेलं कोपऱ्यातल्या घड्याळाकडे. तिथे साल होतं २००९!

काय होतं ना, मदरबोर्डवर एक नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. पीसी बंद असताना घड्याळ त्यावर चालतं. काही वर्षांनी तो संपला की पीसी सुरू करताना तारीख मागे जाते. आणि वेबसाइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटला मुदत असते. तुमचा पीसी २००९ मध्ये जगत असेल तर आजचं सर्टिफिकेट त्याला चुकीचंच वाटणार. तारीख हाताने बरोबर करा, साइट उघडतील. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदलताना पीसीची पिन भिंतीच्या सॉकेटमधून काढलेली असली पाहिजे, एवढं लक्षात ठेवा.

स्टेप २: लॅपटॉप जोडा

लॅपटॉपला वाय-फाय असतंच, त्यामुळे इथे फार काही नाही. फक्त तीन गोष्टी तपासा.

पहिली, लॅपटॉप आणि डेस्कटॉप एकाच राउटरवर आहेत का? लॅपटॉप घरच्या वाय-फायवर पाहिजे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नाही.

दुसरी, राउटरमध्ये 'गेस्ट' वाय-फाय असेल तर ते वापरू नका. गेस्ट नेटवर्क मुद्दाम असं बनवलेलं असतं की पाहुण्याला इंटरनेट मिळावं, पण घरातली इतर डिव्हाइस दिसू नयेत.

तिसरी, जुन्या लॅपटॉपला तुमचं वाय-फाय लिस्टमध्ये दिसतच नसेल तर ते ५ गिगाहर्ट्झवर असू शकतं. जुन्या लॅपटॉपना बऱ्याचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. नाव दिसतंय पण जोडलं जात नसेल तर राउटरची सुरक्षा फक्त 'डब्ल्यूपीए ३' वर आहे का बघा. ती 'डब्ल्यूपीए २ आणि ३' अशी मिश्र ठेवा. जुनं डिव्हाइस चालावं म्हणून पासवर्डच काढून टाकायचा, असला उद्योग करू नका.

स्टेप ३: दोघांचे नंबर बघा

दोन्ही मशीनवर स्टार्टमध्ये 'सीएमडी' असं इंग्रजीत टाइप करून काळी विंडो उघडा. त्यात 'आयपीकॉन्फिग' ही कमांड इंग्रजीत, एकाच शब्दात टाका आणि एंटर दाबा. 'आयपीव्ही४ ॲड्रेस' समोरचा नंबर कागदावर लिहून घ्या. त्याच्याखाली 'डीफॉल्ट गेटवे' दिसेल, तो राउटरचा नंबर.

आता हे नंबर काय सांगतात बघा:

• डेस्कटॉप १९२.१६८.१.५ आणि लॅपटॉप १९२.१६८.१.८: उत्तम. पहिले तीन भाग सारखे, म्हणजे दोघे एकाच चाळीत आहेत.

• एकाचा नंबर १६९.२५४ ने सुरू होतोय: त्याला राउटरकडून नंबर मिळालाच नाही, म्हणून त्याने स्वतःच एक लावून घेतलाय. केबल काढून लावा, राउटर रीस्टार्ट करा.

• एकाचा १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होतोय: घरात बहुधा दोन राउटर आहेत, एक इंटरनेटवाल्याने दिलेला आणि एक तुम्ही नंतर आणलेला. दोन्ही मशीन एकाच राउटरला जोडा.

स्टेप ४: डेस्कटॉपवर फोल्डर शेअर करा

इथून खरं काम सुरू होतं, आणि लोक अडकतात तेही इथेच. मी विंडोज ७ च्या पायऱ्या सांगतोय. विंडोज १० मध्येही क्रम साधारण हाच आहे.

१) कंट्रोल पॅनलमध्ये 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर' उघडा. नेटवर्कच्या नावाखाली 'पब्लिक नेटवर्क' लिहिलं असेल तर त्यावर क्लिक करून 'होम नेटवर्क' निवडा. विंडोज १० मध्ये याला 'प्रायव्हेट' म्हणतात. 'होमग्रुप' बनवायचा का असं विचारलं तर कॅन्सल करा. ही सोय मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकली, त्यामुळे नव्या लॅपटॉपला तिचा उपयोग नाही.

२) डावीकडे 'चेंज ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' मध्ये जाऊन 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' ऑन करा. 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' ऑनच राहू द्या.

३) आता डेस्कटॉपवर एक नवीन युजर अकाउंट बनवा. नाव साधं ठेवा आणि त्याला पासवर्ड द्या. हे टाळू नका, कारण पुढे सांगतो.

४) फोटोंच्या फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'शेअरिंग' टॅब, मग 'शेअर'. लिस्टमधून तो नवीन युजर निवडा आणि परवानगी 'रीड' ठेवा. 'रीड' म्हणजे लॅपटॉपवरून फाइल बघता आणि कॉपी करता येईल, पण चुकून डिलीट होणार नाही. पूर्ण सी ड्राइव्ह शेअर करू नका. जेवढं लागतं तेवढाच फोल्डर द्या.

आता पासवर्डचं कारण. घरच्या जुन्या पीसीला बऱ्याचदा पासवर्ड नसतोच. आणि विंडोजचा नियम असा की ज्या अकाउंटला पासवर्ड नाही, त्याने पीसीसमोर बसून लॉगिन करता येतं, नेटवर्कवरून नाही. त्यामुळे लॅपटॉपवर युजरनेम आणि पासवर्ड विचारणारी खिडकी येते, तुम्ही पासवर्ड रिकामा ठेवता, आणि ती खिडकी पुन्हा पुन्हा येत राहते. मी यातच अर्धी संध्याकाळ घालवली. यूट्यूबवर "पासवर्ड प्रोटेक्शन ऑफ करा" असा उपाय सांगतात, पण मग वाय-फायवर आलेल्या कुणालाही तो फोल्डर उघडा. शिवाय विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या असे बिनपासवर्डचे फोल्डर उघडायला बहुतेक वेळा नकारच देतात. वेगळा युजर बनवणं हा दोन मिनिटांचा आणि पक्का उपाय आहे.

स्टेप ५: लॅपटॉपवरून उघडा

लॅपटॉपवर विंडोज बटण आणि 'आर' एकत्र दाबा. आलेल्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा (एंटरच्या वर किंवा शेजारी असते ती) आणि त्याला लागून डेस्कटॉपचा आयपी नंबर टाका, एंटर दाबा.

युजरनेम-पासवर्ड विचारेल तेव्हा डेस्कटॉपवर बनवलेल्या युजरचा टाका. लॅपटॉपचा पिन किंवा तुमचा ईमेल पासवर्ड इथे चालत नाही. तरी नाही जमलं तर आधी डेस्कटॉपचं नाव, मग एक उलटी तिरकी रेघ, मग युजरनेम असं लिहून बघा. फोल्डर दिसला की झालं! आता नेहमीसारखं कॉपी-पेस्ट करा.

किती वेळ लागेल?

इंटरनेटवाले वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा साइज मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिट मिळून एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटच्या लॅनवर हिशोबाने सेकंदाला १२.५ मेगाबाइट, प्रत्यक्षात ११ च्या आसपास. जुन्या डेस्कटॉपचं लॅन कार्ड किंवा स्वस्त राउटरचं पोर्ट बऱ्याचदा १०० मेगाबिटचंच असतं.

या हिशोबाने ३८ जीबीला साधारण एक तास. पण हजारो छोटे फोटो असतील तर वेळ वाढतो, कारण प्रत्येक फाइल उघडणं-बंद करणं यातही वेळ जातो. आम्हाला दीड तासावर लागला. लॅपटॉपचं वाय-फाय कमजोर असेल तर अजून जास्त, म्हणून शक्य असेल तर लॅपटॉपही तेवढ्यापुरता केबलने जोडा.

कॉपी सुरू करण्याआधी दोन्ही मशीनचं 'स्लीप' बंद करा, नाहीतर मध्येच डेस्कटॉप झोपी जाईल. आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून सगळं एकदम न घेता वर्षानुसार एकेक फोल्डर घ्या. लाइट गेलीच तर कुठून पुढे सुरू करायचं ते कळतं.

डिस्क आवाज करत असेल तर

टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज म्हणजे डिस्क शेवटच्या घटका मोजतेय असं समजा. अशा वेळी व्हायरस स्कॅन, डिफ्रॅग, विंडोज अपडेट यातलं काहीही चालवू नका, त्याने डिस्कवर उगाच ताण येतो. जे पुन्हा कधीच मिळणार नाही ते आधी कॉपी करा. सिनेमे आणि गाणी नंतर. एखाद्या फाइलवर एरर आली तर 'स्किप' करा आणि पुढे जा. डेटा फारच मोलाचा असेल आणि डिस्क नीट दिसतही नसेल, तर पीसी बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. घरी प्रयोग नकोत.

मी सगळ्यात आधी आजीचा व्हिडिओ घेतला, मग बाकीचे फोटो.

फोनवर पण बघता येतं

अँड्रॉइडवर व्हीएलसी ॲपमध्ये 'ब्राउज' मध्ये गेलात की लोकल नेटवर्कवरचे शेअर केलेले फोल्डर दिसतात, म्हणजे जुने व्हिडिओ कॉपी न करता थेट फोनवर बघता येतात. आयफोनवर 'फाइल्स' ॲपमध्ये तीन ठिपक्यांच्या मेनूत 'कनेक्ट टू सर्व्हर' हा पर्याय आहे, त्यात डेस्कटॉपचा आयपी टाका. युजरनेम-पासवर्ड तोच.

सुरक्षा: हे वाचल्याशिवाय जाऊ नका

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोम ब्राउझरची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ होती. म्हणजे नवीन सापडणाऱ्या त्रुटी या पीसीवर दुरुस्त होत नाहीत. घरातल्या घरात फाइल द्यायला-घ्यायला तो ठीक आहे, पण त्यावर बँक, यूपीआय, ईमेल उघडू नका. बऱ्याच राउटरमध्ये 'पॅरेंटल कंट्रोल' मधून एखाद्या डिव्हाइसचं इंटरनेट बंद करता येतं. डेस्कटॉपचं इंटरनेट असं बंद केलं तरी घरातलं शेअरिंग चालू राहतं.

विंडोज एक्सपी असेल तर आणखी सावध राहा. एक्सपीला फाइल शेअरिंगची फक्त जुनी पद्धत येते, तिचं नाव 'एसएमबी १'. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं ते याच एसएमबी १ मधल्या त्रुटीचा फायदा घेऊन. म्हणून नव्या विंडोजमध्ये ते बंद असतं. एक्सपीसाठी ते लॅपटॉपवर सुरू करण्यापेक्षा पेन ड्राइव्हने हळूहळू कॉपी करा, किंवा डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालून लॅपटॉपला लावा. विंडोज ७ ला नवी पद्धत येते, त्यामुळे तिथे एसएमबी १ ची गरजच नाही.

आणि कॉलेज, हॉस्टेल किंवा कॅफेच्या वाय-फायवर असताना लॅपटॉपचं नेटवर्क 'पब्लिक' वर ठेवा. घरी 'प्रायव्हेट', बाहेर 'पब्लिक', एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*काल चाललं, आज फोल्डर उघडत नाही. का?*
राउटरने डेस्कटॉपला नवीन नंबर दिला असेल. आयपी पुन्हा तपासा. कायमचा उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' करून डेस्कटॉपचा नंबर पक्का करणं.

*दोन्हीकडे इंटरनेट चालतं, पण एकमेकांना दिसत नाहीत.*
क्रमाने बघा: गेस्ट वाय-फाय आहे का, डेस्कटॉपवर नेटवर्क 'पब्लिक' आहे का, आणि एखाद्या अँटीव्हायरसची स्वतःची फायरवॉल अडवतेय का. राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' ऑन असेल तर ते बंद करा.

*प्रिंटरही असा शेअर होतो का?*
हो. डेस्कटॉपला लावलेला यूएसबी प्रिंटर त्याच्या प्रॉपर्टीजमधून शेअर करता येतो. मात्र प्रिंट काढताना डेस्कटॉप सुरू पाहिजे, आणि लॅपटॉपवर त्या प्रिंटरचा ड्रायव्हर पाहिजे.

शेवटी

कॉपी झाली म्हणजे काम संपलं असं नाही. दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलची संख्या जुळते का बघा, आणि चार-पाच फोटो उघडून बघा. मग लॅपटॉपवरून अजून एक कॉपी एक्स्टर्नल डिस्कवर किंवा क्लाउडवर ठेवा. एकाच ठिकाणी असलेली फाइल म्हणजे हरवायला तयार असलेली फाइल.

आमच्या ३८ जीबीतले अकरा फोटो उघडले नाहीत, बाकी सगळं आलं. तीन आठवड्यांनी तो डेस्कटॉप सुरू झाला नाही, तो नाहीच. आजीचा व्हिडिओ आता पप्पांच्या फोनमध्ये आहे, आत्याच्याही, आणि माझ्याही.

तुमच्या घरात असा झाकून ठेवलेला पीसी असेल तर या रविवारी त्याच्यावरचा कपडा काढा, एक लॅन केबल आणा आणि बघा त्यात काय आहे ते. पीसी अजून सुरू होतोय तोवरच हे करून टाका.